आईची लाल टोपी

आई, तू घरी शाळेच्या टोप्या शिवायचीस तेव्हाची गोष्ट. घोडपदेवची आपली खोली, रविवारची दुपार. मी सातवीत, स्कॉलरशिपचं एक कोडं सुटेना म्हणून वहीचं पान टराटरा फाडलं. तू मशीन थांबवलंस. "पान फाडून उत्तर येतं काय? वाच मोठ्यानं." मी रडत वाचलं. तीन माणसं एकामागे एक बसलेली, टोप्या तीन लाल आणि दोन पांढऱ्या. त्यातल्या तीन त्यांच्या डोक्यावर. ज्याला-त्याला फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतात, स्वतःची नाही. सगळ्यात मागचा म्हणतो, माझी कोणती ते कळत नाही. मधलाही तेच म्हणतो. आणि ज्याला कुणाचीच टोपी दिसत नाही तो पुढचा आपला रंग बरोबर सांगतो. कसा?

तू गठ्ठ्यातल्या पाच टोप्या काढून बाबांच्या हातात दिल्यास आणि सूप घेऊन ओट्याकडे तोंड करून तांदूळ निवडायला बसलीस. तुझ्यामागे मी, माझ्यामागे बाबा. बाबांनी डोळे मिटून तिघांच्या डोक्यावर टोप्या ठेवल्या. "मला काय कळत नाय बा," बाबा म्हणाले. मी तुझ्या डोक्यावरच्या लाल टोपीकडे बघत राहिले, काही सुचेना. "मलापण नाही." तू मान न वळवता म्हणालीस, "मग माझी लाल." मी चिडलेच. कसं कळलं? "पांढऱ्या दोनच. तुझे बाबा आपल्या दोघींच्या टोप्या बघून अडले, म्हणजे त्या दोन्ही पांढऱ्या नाहीत, नाहीतर स्वतःची लाल त्यांना कळली असती. आता माझी पांढरी असती, तर तू लगेच ओरडली असतीस, माझी लाल म्हणून. तू अडलीस. झालं की." आणि पुन्हा खडे वेचायला लागलीस.

परळच्या हॉस्पिटलात तुझा रिपोर्ट आला तेव्हा मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तुला सांगायचं नाही, असं मी आणि बाबांनी जिन्यातच ठरवलं. आत आलो. बाबा, जे रोज चहा गार म्हणून वॉर्डबॉयशी भांडायचे, ते निमूट तो चहा प्यायले. मी खिडकीबाहेर बघत बसले. तू आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलंस आणि म्हणालीस, "कळलं मला. आता घरी न्या." मग माझा हात ओढून जवळ घेतलास. "घाबरलीस? मीपण घाबरलेय गं." आम्ही तुला घरी आणलं. त्यानंतर तू होतीस ते दीड महिने आपण तिघं एकमेकांशी जितकं खरं बोललो, तितकं त्याआधी कधी बोललो नव्हतो.

आता मी दादरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. मागच्या महिन्यात तिथे माझा सत्कार झाला. हॉल भरलेला, बाबा पहिल्या रांगेत. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, असा विचार करायला तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं?" मी एम.ए.च्या सरांचं नाव घेतलं.  हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे इथे तरी खरं लिहिते. नाव तुझंच ओठांवर आलं होतं. पण तू चौथी शिकलेली, टोप्या शिवणारी, हे त्या लोकांसमोर सांगायला जीभ रेटली नाही. आई, मला तुझी लाज वाटली.