हातमोज्यांच्या वहीवर माझ्या पत्नीचे नाव लिहिण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, हस्तलिखित विभाग,
सान मान्यो ग्रंथसंग्रहालय, नापोली

विषय : वही क्र. ४१७ च्या नोंदपत्रावरील 'अज्ञात बंधू' खोडून माझी पत्नी रेस्तितुता मोर्मिले (माहेरचे आडनाव) हिचे नाव लिहिणे.
संदर्भ : माझे आधीचे तीन अर्ज. एक अपूर्ण म्हणून परत आला, उत्तर एकाचेच आले.

महोदय,

९ मार्च रोजी, पत्नीला जाऊन चाळीस दिवस झाल्यावर, मी तिचा शिवणाचा खण उघडला. तिची वही त्यात नव्हती. शेजारीण नून्त्सियाबाई म्हणाल्या, "अहो, मातीला आलेल्या त्या दोन काळ्या कोटवाल्यांनी नेली. म्हणाले, मानानं ठेवू." ते फ्रीमेसन या पुरुषांच्या गुप्त बंधुमंडळाचे होते, आणि वही त्यांनी आपल्या संग्रहालयाला दिली. मान कसा ठेवला ते मी आपल्याकडे येऊन वाचले : 'दीक्षाविधीतील पांढरे हातमोजे : इतिहास व अर्थ. लेखक : अज्ञात बंधू.'

१. मंडळात नव्या बंधूला हातमोज्यांचे दोन जोड देतात. एक त्याचा, दुसरा तो ज्या स्त्रीला सर्वांत अधिक मानतो तिच्यासाठी. १९११ पासून दोन्ही जोड माझी पत्नी शिवत असे. मापाला आलेले म्हातारे बंधू बोलत, ती ऐकून लिहून ठेवी. पूर्वी कातडे कोणते असे, अंगठ्याची शिवण का बदलली, रंग पांढराच का. १९२५ साली फॅसिस्ट सरकारने मंडळावर बंदी घातली तेव्हा बंधूंनी भीतीपोटी आपले कागद चुलीत घातले. ही वही ते सरकार पडेपर्यंत अठरा वर्षे आमच्या पिठाच्या डब्याखाली होती.

२. आपले लिपिक म्हणाले, "काका, बायकांना तिथं आत पाऊल टाकू देत नाहीत. तिला विधी कुठून कळणार?" मी म्हणालो, "बाळा, तिचं पाऊल आत गेलं नाही, पण आतला प्रत्येक हात तिच्या टेबलावर येऊन गेलाय." ते हसले. नोंद तशीच राहिली.

३. दुरुस्तीच्या छापील अर्जात लेखकाची दीक्षेची तारीख व सदस्य क्रमांक विचारला आहे. दोन्ही ठिकाणी मी 'हातमोजे शिवणारी' असे लिहिले. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

४. आता आपण कळवता की, ही 'इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी घरगुती टिपणे' आहेत असे मी लिहून दिल्यास वही घरी नेता येईल. म्हणजे मोलाची असली तर बंधूची, कवडीमोल असली तर माझ्या बायकोची. मी सही करणार नाही. घरात तिच्या हातचे दुसरे अक्षर नाही, तरीही करणार नाही. वही आपल्याकडेच राहू द्या.

५. शेवटचे पान उघडावे. तिथे तिच्या उजव्या हाताची आकृती आहे. ती मी काढली, कारण लिहिणाऱ्या हाताला स्वतःभोवती पेन्सिल फिरवता येत नाही. त्याच हाताचा हातमोजा सोबत जोडला आहे. मी बंधू नव्हतो, तिला मानाचा जोड माझ्याकडून मिळणार नव्हता, म्हणून तिचा जोड तिनेच स्वतःसाठी शिवला. आकृतीवर ठेवून पाहावा. करंगळीचा बाक जुळेल.

उत्तर येईपर्यंत मी दर सोमवारी आपल्या दारात बसेन. मी कातडी कमावतो. वास सोसावा लागेल.

आज तारखेपर्यंत नोंदपत्रावर तिचे नाव लिहिलेले नाही.

आपला,
आनिएल्लो योविने
सानिता वस्ती, १४ जून १९५७

सोबत : उजवा हातमोजा, एक. (परत हवा.)