न कापलेली पानं

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझी पुस्तिका आमच्या बायंडिंगच्या कारखान्यात शिवायला आली. युरोपातल्या तत्त्वज्ञांचं काय आधी वाचावं, काय मागून, ते पोरांना सांगणारी. मालकीणबाईंनी मोठ्याने वाचली. सगळ्यात जाड ग्रंथापुढे तू लिहिलंयस, ‘दोनदा वाचला, शेवटचं प्रकरण सोडलं तरी चालेल.’ माझी छाती फुगली. तो ग्रंथ इथेच तुझ्या ट्रंकेत, म्हणून दुसऱ्या दिवशी मिरवायला नेला. अक्कल वाटत होते तेव्हा मी रांगेत नव्हते.

कारखान्यातल्या चौघींसमोर उघडला, तर तिसऱ्या घडीपासून पानं कडेला जोडलेलीच! पस्तीस वर्षं छापील कागदाच्या घड्या घालतेय. ग्रंथातलं मला ओ की ठो कळत नाही, पण न कापलेलं पान वाचता येत नाही, एवढं कळतं. म्हटलं, चुकून दुसराच आणला. घरी येऊन, घड्या दाबायची हाडाची पट्टी असते ना, तिने सगळी पानं कापून ठेवली, कुणाला कळू नये म्हणून. या वयात चोराची साथीदार झाले. आरशात बघवेना.

दुसरी प्रत वाचली असशील तर तसं लिही, तुझे पाय धरीन. तोवर तुझ्या पुस्तिकेला सुई लावत नाही. दोरा संपलाय म्हणून मालकीणबाईंना सांगितलंय. म्हणजे आणखी एक खोटं.

लोभ आहे, तो आटेल असं काही करू नकोस.

तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

दुसरी प्रत नाही. पहिली चाळीस पानं वाचली, डोक्यावरून गेली. मग इतरांनी केलेले सारांश वाचून मजकूर जुळवला. ‘दोनदा’ का लिहिलं? एकदा लिहिलं असतं तर मलाच खोटं वाटलं असतं.

या पुस्तिकेवर कॉलेजातले आमचे सर मला कायमची नोकरी द्यायला निघालेत. मुलाखत सोमवारी आहे. तोंड वर करून मागायला लाज वाटते, तरी मागते: एवढी शिवून टाक. सुट्टीत ग्रंथ नक्की वाचेन.

रागावलीस तरी माया राहू दे.

तुझी भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

जे प्रकरण तू उघडलंसुद्धा नाहीस, ते सोडा म्हणून सांगणारी तू कोण गं? एखाद्या पोराला नेमकं तेच हवं असलं तर?

आज चौघींना खरं सांगितलं. तिघी हसल्या. चौथीने माझ्यासाठी मान खाली घातली, ते जास्त लागलं. पण मेले नाही.

तुझी नोकरी गेली तर मला वाईट वाटेल, फार वाटेल. तरी शिवणार नाही. ते पान बाजूला काढलंय. त्यावर काय छापायचं ते कळव.

माया आहे. म्हणून तर एवढं लिहिलं.

आजी

ता. २० मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

सोमवारी सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. मुलाखतीचे कागद उचलून खणात ठेवले आणि विचारलं, बाकीच्या ग्रंथांचं काय? पूर्ण न वाचलेले आणखी दोन निघाले. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

त्या तिन्ही ग्रंथांपुढे मालकीणबाईंना हे छापायला सांग: ‘हा मी पूर्ण वाचलेला नाही. यातलं काय सोडावं, ते मला माहीत नाही.’ आणि खाली माझं नाव.

भिंगरी