ताईचा कॉम्प्युटर अन् मेलेला बोर्ड

शुक्र. ७ नोव्हें.
सोनाळ्यात पोचलो. सुरतेपासून कॉम्प्युटर मांडीवर, कंबर गेली. मी कामाले हाये त्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातून शेठले मागून आणला. विंडोज चालू, ते अस्सल असल्याचं कंपनीचं स्टिकर डब्यावर. ताई सोमवारी ओसरीत फॉर्म भरायचं दुकान टाकून राह्यली. अट एकच, चोरीचं विंडोज नोको. आधी कामाले होती त्या दुकानात तसलंच होतं. व्हायरस आला, लोकायचे कागद गेले, बोलणी हिनं खाल्ली.

शनि. ८
लाइट गेली. आली ती जोरात आली. कॉम्प्युटरमधला मदरबोर्ड जळाला. ताईनं चहा दिला.
वरवट बकालले सलीमभाई मेकॅनिककडं. जुना बोर्ड मिळाला, बसला, सुरू झाला! अन् कोपऱ्यात ते धुरकट अक्षर, विंडोज ॲक्टिव्हेट करा. मी सलीमभाईले डब्यावरचं स्टिकर दाखवलं.
"अबे गजू, हा बिल्ला मेलेल्या बैलाचा. दुसऱ्याच्या कानात टोचून चालते काय?"

रवि. ९
पुन्हा वरवट. सलीमभाईनं समजून सांगितलं. मशीनसंगं आलेलं विंडोज बोर्डासंगंच जाते. वेगळं विकत घेतलेलं असलं तं झुलीसारखं, या बैलावरून काढा, त्याच्यावर टाका. एका वेळी एकच बैल. आत्ता तेवढी ऐपत नाही. मोठ्या कंपन्या घाऊक घेतात, ते त्यायच्यापुरतंच. त्यायच्या मशीन आमच्याकडं विंडोज काढून रिकाम्या काऊन येतात ते आत्ता कळलं. माह्या मेससारखं, नोकरी सुटली का ताट गेलं.
सलीमभाई म्हणे, "पाच मिनिटात चोरीचं टाकतो. ताईले काय समजते?"
तोंडापर्यंत हो आलं. पण उद्या काही झालं तं मी सुरतेत, बोलणी खायले ताई इथं.
विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. फुकट, अन् चोरीचं नाही.

सोम. १०
दुकान उघडलं. ताई फुगलेली.
"हे काय आणलं बे? स्टार्ट कुठं गेलं?"
"हाये ना. जागा बदलली."
"फुकट देते म्हणजे खोट असन काहीतरी."
मराठी टायपिंग बसवता बसवता भांडण.
दुपारी शेजारचे रामदासकाका सातबारा काढायले आले. साइट उघडली. प्रिंट निघाली. काका घडी करून घेऊन गेले, स्क्रीनकडं पाह्यलंबी नाही.
ताई दारात उभी राहून म्हणे, "कागद तं तोच निघाला."
जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

मंगळ. ११
निघालो. ताई म्हणे, "महिनाभर पाह्यते. नाही जमलं तं ते झूलवालं घेऊ." शिकली की!
डब्यावरचं स्टिकर तिनं नखानं खरवडून काढलं. खोटा बिल्ला नोको म्हणे.

बुध. १२, सुरत
ताईचा फोन नाही. एक तं सगळं चालू हाये, नाहीतं रागावली. आज कंपनीच्या रिकाम्या मशीन आल्या. एकीवर लिनक्स टाकून बसलो. ते स्टार्टचं बटन तिच्या सवयीच्या कोपऱ्यात नेता येते का...
सापडलं! फोन लावतो. उचलते का पाहू.