मुलानंही चालून दाखवावं

बाई, आज तळ्यावर गेले होते. कमळपक्षी अजून येतात. नर पानावर अंडी घेऊन बसला होता आणि मादी पलीकडं दुसऱ्याच नराच्या मागं. तुम्ही असतात तर दुर्बीण माझ्या हातात कोंबून म्हणाला असतात, "बघ आधी, टिपणं मग काढ." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असलं काही दिसलं की मी शेजारी वळते, तुम्हाला दाखवायला. शेजारी कुणी नसतं. फार आठवण येते तुमची, हे तुमच्या तोंडावर मला कधी बोलता आलं नसतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर तळं पुन्हा भरलं होतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि तुम्ही आम्हा चार मुलींना रविवारी तिथं आणलेलं. चिखलात उभ्या राहून तुम्ही सांगताय, परदेशात आता असं म्हणायला लागलेत की ज्याला पिल्लापायी जास्त झिजावं लागतं तो जोडीदार पारखून घेतो. बहुतेक जातींत ती मादी असते, म्हणून मोर नाचतो आणि लांडोर बघते. इथं अंडी नर उबवतो, म्हणून इथं मादीच दांडगी आणि मादीच भांडखोर. मी विचारलं, "मग बाई, आमच्यात पोरगा पोरीला बघायला का येतो?" मुली फिदीफिदी हसल्या. तुम्ही मात्र चिडलात. "पाखरांवरून माणसांना कायदे लावायचे नाहीत. हा प्रश्न घरी विचार." घरी विचारायची माझी काय टाप होती?

शेवटी तो प्रश्न तुम्हीच विचारलात. सात रस्त्याजवळ, शिकायला मी जिथं राहायची त्या मामाच्या दोन खोल्यांत, मला बघायला माणसं आली होती. आई गावाकडून, मोडनिंबहून आलेली. शिकलेलं माणूस जवळ असावं म्हणून तुम्हाला तिनंच बोलावलं होतं. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, आणि मुलाचा चुलता म्हणाला, "पोरी, जरा चालून दाखव की." मी मान खाली घालून दारापासून कपाटापर्यंत चालले, परत आले. नवी साडी पायात येत होती. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणालात, "आता मुलानंही चालून दाखवावं." चुलत्याचा चेहरा उतरला. "आमच्यात तशी रीत न्हाय, बाई." आईनं पदर तोंडावर धरला. आणि तो मुलगा उठला. कपाटापर्यंत गेला, वळताना खाटेवर गुडघा आपटला, तो चोळत माझ्याकडं बघून म्हणाला, "बास, का अजून एक फेरी?" मला हसू आवरेना.

चुलता फुरंगटून गेला, तरी मुलाकडून होकार आला. त्या संध्याकाळी आई भाकरी थापता थापता थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुला कसा वाटला? तुज्या बाईंनी इचारलं, मग मी बी इचारती." आमच्या घरात हे कुठल्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मी म्हटलं, "नको." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "बरं. पोरगी नको म्हणती, असं सांगती." तसंच सांगितलं तिनं, आणि त्यापायी मामाची लई बोलणी खाल्ली. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही माझी पाठ थोपटलीत, "पारखून घेतलंस," म्हणालात, आणि तुमची दुर्बीण मला देऊन टाकलीत.

पुढं लग्न झालं, संसार नीट झाला, तक्रारीला जागा नाही. पण मादी निवडते एवढंच तुम्ही शिकवलंत. ज्याला सोडलं त्याची तिला आठवण येते का, हे विचारायचं राहून गेलं. हे पत्र टाकायला कुठली टपालपेटी नाही, दुर्बिणीच्या पेटीतच घडी करून ठेवते.

बाई, मी काही पारखलं नव्हतं. तो मला आवडला होता, गुडघा आपटला तेव्हाच. पण हो म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, हिला विचारायची गरजच काय होती. म्हणून नको म्हटलं. दुर्बीण तरीही ठेवून घेतली. पाखरं बघायला जाते असं घरी सांगते, आणि तळ्याच्या काठानं चालणारी माणसंच जास्त वेळ बघत बसते.