पास ज्याच्या खिशात

मी, डॉ. धर्मराज आप्पाराव ठोंबरे, वय चौसष्ट, मूळ राहणार दिंद्रुड, हल्ली मुक्काम वडवणी, जिल्हा बीड, धंदा लोकांना झोपवणे व जमेल तेवढ्यांना उठवणे (सध्या निवृत्त), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. एकोणचाळीस वर्षे भूल देऊन दुसऱ्यांची शुद्ध घालवण्याचे व मोजण्याचे काम केले असल्याने दुसऱ्या डॉक्टरचा दाखला जोडत नाही. शुद्ध मोजायच्या आमच्या तक्त्यावर मला पंधरापैकी पंधरा गुण पडतात. माझी पत्नी विमलबाई हिच्या मते तेरा. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, कारण दडपण आणू शकणारे माझे चुलतभाऊ भगवानराव सध्या आष्टीकडे चारा छावण्यांची उद्घाटने करत हिंडत आहेत.

कलम एक. वडवणीचे राहते घर, त्यातील सर्व सामान, बँकेतील ठेवी आणि अंगणातील बोअर, जिला चारशे फुटांवर फक्त फुफाटा लागला, हे सर्व विमलबाईचे. आम्हाला मूलबाळ नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, त्यामुळे या मृत्युपत्राचे शुद्धलेखन तिने तपासले आहे. मजकूर तपासायला मी तिला दिलेला नव्हता, तोही तिने तपासला.

कलम दोन. दिंद्रुडची माझ्या वाट्याची चार एकर कोरडवाहू जमीन माझा धाकटा भाऊ कैलासवासी सिदू याची पत्नी सारजाबाई हिला. ही जमीन ती आजही कसते आहे, मी फक्त सातबाऱ्यावर नाव लावून बसलो होतो. जमिनीच्या बदल्यात तिने मला माफ करावे अशी अट घालणार होतो. विमलने ती ओळ लाल पेनने खोडली.

कलम तीन. माझा जुना लॅरिंगोस्कोप, म्हणजे पेशंटच्या घशात नळी घालताना आत बघायचे हत्यार, मनकर्णा सिस्टर यांना. १९८६ साली आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याने दवाखाना काढला, तिथे आम्ही दोघे बरोबर होतो. कारखान्याचे नाव लिहीत नाही. तो बंद पडला आहे, संचालक मात्र चालू आहेत. दवाखान्यात व्हेंटिलेटर आला, त्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला, अध्यक्षांचे भाषण झाले. भिंतीतून ऑक्सिजनची नळी ओढायची राहिली आहे हे भाषणानंतर लक्षात आले. दोन वर्षे ते यंत्र खोळ घालून उभे होते आणि आम्ही हाताने रबरी पिशवी दाबून माणसे जगवत होतो. एका ऊसतोड कामगारासाठी मनकर्णाबाईंनी सलग नऊ तास पिशवी दाबली. तो चालत घरी गेला. पुढच्या वार्षिक सभेत त्याबद्दल अध्यक्षांचा सत्कार झाला.

कलम चार. माझे सुवर्णपदक भगवानरावांना. त्यात सोने नाही, पण चकाकते, त्यांना चालेल. हे पदक त्यांचे कसे, ते सविस्तर लिहिणे भाग आहे.

कारखान्याचा दवाखाना सोडून मी औरंगाबादच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात गेलो. तिथे माझ्या डोक्यात संशोधनाचा किडा शिरला. माणसाचा मेंदू कायमचा मेला, पण यंत्राच्या श्वासावर हृदय अजून चालू आहे, अशा वेळी त्याची मूत्रपिंडे, यकृत दुसऱ्याला देता येतात. मात्र घरच्यांनी हो म्हटले पाहिजे. आमच्याकडे घरचे हो म्हणत नसत. का म्हणत नाहीत, हे मी चौदा वर्षे शोधले. एकशे त्र्याऐंशी कुटुंबे. त्यातल्या एकशे एकोणऐंशींचा नकार. कारणे मी सुंदर रकान्यांत मांडली: अज्ञान, धर्मभावना, देह अख्खा जाळायचा हट्ट. शोधनिबंधाचे नाव ‘मराठवाड्यातील ग्रामीण कुटुंबांचा अवयवदानास नकार’. दिल्लीच्या परिषदेत लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि हे पदक दिले. अडाणी लोकांबद्दल शिकलेल्यांना काही सांगितले की टाळ्या मिळतातच.

मग २०१६ सालचा एप्रिल आला. पाण्याचे हाल आठवत नाहीत असा माणूस आमच्या जिल्ह्यात नसेल. तोवर कारखान्याचे चेअरमन झालेल्या भगवानरावांनी कारखान्यातर्फे गावोगाव टँकर सोडले होते. टँकरवर त्यांचा फोटो होता, टाकीभर लांब. त्यातल्या एका टँकरवर माझा सिदू ड्रायव्हर होता. दिंद्रुडला विहिरीत पाइप सोडताना तो टाकीवरून घसरला आणि कठड्यावर डोके आपटले. त्याला माझ्याच विभागात आणले. वय बेचाळीस, हृदय बैलासारखे. मेंदू गेलेला.

सख्खा भाऊ असल्याने तपासणीत मी नव्हतो. चार डॉक्टरांनी नियमाप्रमाणे सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून कागदावर सह्या केल्या. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. सहकारी म्हणाले, सर, घरच्यांशी तुम्हीच बोला, तुमच्याइतका अनुभव कोणाला आहे.

मी दारात गेलो. दारावर आमचा वॉचमन धुळाजी. अतिदक्षता विभागाचा नियम असा की एका पेशंटला एकच पास, आणि पास असेल तोच आत येणार. पास भगवानरावांच्या सदऱ्याच्या खिशात होता. म्हणून मी त्यांना विचारले.

ते म्हणाले, “डॉक्टर, येडे झालात का? पंधरा दिवसांवर इलेक्शन हाय. लोक म्हणतेल, चेअरमनच्या घरात मुडदा कापून इकला.”

मी म्हणालो, बरं.

चौदा वर्षे अभ्यास केलेल्या माणसाचे भाषण एवढेच झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी सिदूचे हृदय थांबले. भगवानराव निवडून आले.

तेराव्यानंतर माझी आई कडूबाई ओसरीवर बसली होती, शेजारी सारजा. कोणाकडून तरी त्यांच्या कानावर गेले होते. आईने विचारले, “धर्मा, सिदूचं देता येत व्हतं म्हणं. मला कावून इचारलं न्हाईस?”

“भगवानराव नको म्हणाले, आई.”

“भगवानरावानं नऊ महिने पोटात वागवला व्हता का त्याला? आमी दोघी दोन दिवस तुझ्या दवाखान्याबाहीर लिंबाखाली बसलो व्हतो. तू चार बार म्होरून गेलास. पोरगं उभा उन्हाळा लोकायला पाणी वाटत फिरलं. त्याचं द्यायला मी नाट लावली असती व्हय?”

सारजाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती आत निघून गेली. तिचा नवरा होता. कायद्याने पहिला अधिकार तिचा होता. चार वेळा समोरून गेलो आणि मला ती दिसली नाही. मला लाज वाटली, अजून वाटते. त्यासाठी कायद्याची भाषा मला सापडली नाही.

मी औरंगाबादला परत गेलो आणि धुळाजीकडून पासांची रजिस्टरे मागून घेतली. माझ्या एकशे त्र्याऐंशी कुटुंबांचे पास कोणाच्या नावावर होते ते काढले. एकशे एक्क्याऐंशी पुरुष. भाऊ, चुलते, मेहुणे, नऊ सरपंच, सोसायटीचे तीन सेक्रेटरी, आणि एका ठिकाणी पेशंटला घेऊन आलेल्या जीपचा ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरने नाही म्हटले आणि मी लिहिले, ‘कुटुंबाचा नकार, कारण धर्मभावना’. आई, बायका, बहिणी सगळ्या बाहेर लिंबाखाली गाठोडी घेऊन बसलेल्या. त्यांना मी विचारले नव्हते. धुळाजी म्हणाला, “सर, मी तर रोज बघत व्हतो. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.” चौदा वर्षांच्या संशोधनावर याहून चांगला अभिप्राय मला आलेला नाही.

पुढची दोन वर्षे मी संमतीचा फॉर्म घेऊन लिंबाखाली जात असे. अठ्ठावीस घरांतल्या बायकांना विचारले, अकराजणी हो म्हणाल्या. दुरुस्ती छापा म्हणून नियतकालिकाला कळवले. उत्तर आले की मूळ निबंध फार नावाजला गेल्याने त्यात बदल करणे योग्य वाटत नाही. म्हणून पदक भगवानरावांचे. निष्कर्ष त्यांचाच होता, मी नुसता लेखनिक.

कलम पाच. पासांची रजिस्टरे, रुग्णालयाने रद्दीत काढलेली व मी उचललेली, ज्या कोणा तरुण डॉक्टरला आमच्या लोकांना अडाणी म्हणायची हौस असेल त्याला वाचायला द्यावीत. परत घ्यावीत.

कलम सहा. माझे शरीर. मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर, तोवर माझी मूत्रपिंडे राखेत गेलेली असणार, एवढे मला कळते. म्हणून याच्या तीन प्रती आजच वाटत आहे: विमल, मनकर्णाबाई, धुळाजी. माझ्याकडे अवयवदानाचे कार्ड आहे, तरी वेळ आली की घरच्यांनाच विचारतात. बातमी लागताच भगवानराव दोन जीप भरून येतील आणि पहिल्यांदा पास मागतील. तो त्यांना देऊ नये. पास विमलबाईच्या हातात द्यावा, तिला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, आणि तिला विचारावे. तिने हो म्हणावे अशी माझी फार इच्छा आहे. इतकी की गेली तीन वर्षे तिला स्वतः विचारायचे धाडस झालेले नाही. काल हे सर्व तिला वाचून दाखवले, तेव्हा अप्रत्यक्षपणे विचारून झाले.

ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “झालं वाचून?”

म्हणालो, झालं.

“समदं तुमचंच हाय यात. अन् मी आधी गेले तर? माझं देयाचं का न्हाई, ते कुणाला इचारणार? भगवानरावाला?”

आमच्या लग्नाला अडतीस वर्षे झाली. कलम एकमध्ये मी तिला घर दिले, बोअर दिली. ती माझ्या आधी जाऊ शकते हे माझ्या मनात आले नव्हते, आणि तिला स्वतःचे काही द्यायचे असेल हेही नाही. तिने माझ्या हातातला पेन घेतला. खालचे कलम तिच्या अक्षरात आहे.

कलम सात. मी, विमलबाई धर्मराज ठोंबरे, वय एकसष्ट, लिहून देते की मी आधी गेले तर माझे जे कामाचे असेल ते सर्व द्यावे. यांना विचारत बसू नये, हे बरं म्हणून गप्प बसतील. सारजाबाईला विचारावे, पास तिच्याकडे द्यावा. यांच्या शरीराचे काय करायचे ते मी आज सांगणार नाही. त्या दिवशी मला विचारा. मी लिंबाखाली बसणार नाही, दारातच उभी असेन.

वरील सर्व मजकूर आम्ही वाचला. सात कलमे, दोन अक्षरे, लाल पेनच्या खाडाखोडीसह आम्हाला मान्य.

लिहून देणार: धर्मराज आप्पाराव ठोंबरे (सही)
कलम सातपुरते लिहून देणार: विमलबाई धर्मराज ठोंबरे (सही)

आमच्यासमोर दोघांनी सह्या केल्या, दोघेही शुद्धीवर होते:
साक्षीदार १. मनकर्णा बंकट सोनवणे, निवृत्त परिचारिका (सही)
साक्षीदार २. धुळाजी सटवा कोळेकर, निवृत्त वॉचमन (सही). कलम सात वाचून पाहिले. नियम एका पासाचाच आहे, पण त्या दारावर पासावर नाव लिहायचे काम आता माझ्या पोराकडे आहे, त्याला सांगून ठेवतो.

स्थळ: वडवणी, जि. बीड
दिनांक: ९ जून २०१९