दोघांचा डबा

आये, तुझ्या नातीला तू पाहिलं नाहीस. सातवीत आहे, तुझ्यासारखीच उंच, अख्ख्या वर्गात सगळ्यांत उंच. त्याचाच घोळ झालाय. न्हावा शेवाच्या बंदरात माझे ट्रेलर चालतात, हे तिच्या वर्गात सगळ्यांना माहीत. गेल्या महिन्यात तिला आणायला शाळेबाहेर गाडीत बसलो होतो, तर गाडी मागे घेताना वाजतो तसा पीं पीं आवाज आला. माझे कान तुला माहीत आहेत. ट्रेलर यार्डात शिरतानाच कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो. हा आवाज भोंग्याचा नव्हता, तोंडाचा होता. पोरगी फाटकातून बाहेर येत होती आणि मागून चार-पाच पोरं ओरडत होती, "बाजूला व्हा रे, ट्रेलर रिव्हर्स येतोय!" ती खांदे पाडून, पाठ वाकवून चालत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "काही नाय पप्पा, मस्ती चालते."

मी काय केलं असेल ते तू ओळखलंस. दुसऱ्याच दिवशी कामं टाकून शाळेत गेलो, सोबत माझा सगळ्यांत आडदांड ड्रायव्हर. धंद्यात सवय लागलीय, अडलेलं काम आवाज चढवून सोडवायची. पोरांनी रांगेत उभं राहून सॉरी म्हटलं. मी खुशीत घरी आलो तर बायको म्हणाली, "पोरं हायत ती, नाक्यावरचे हवालदार न्हायत." पीं पीं बंद झालं, खरं आहे. पण आता तिच्याशी कोणी बोलतच नाही. शेजारी बसणारी मुलगीसुद्धा उठून मागच्या बाकावर गेली. "यापुढे तुम्हाला काही सांगणारच नाय," पोरगी मला म्हणाली, आणि शब्दाला पक्की निघाली. घरी येते, चप्पल काढते, दप्तर टेकवते, खोलीचं दार लावते. एवढंच मला ऐकू येतं.

तेव्हा तुझी चूल आठवली. तू मिठागरावरून पाट्या वाहून आलीयस, पायांच्या भेगांत मीठ तसंच, आणि भाकऱ्या थापतेस. मी दाराशी रडतोय. शाळेतली पोरं माझ्या हाताला बोट लावून चाटायची आणि "खारट हाय रं मिठागऱ्या!" म्हणून हसायची. मला वाटलं, आता तू उठशील आणि एकेकाला झोडशील. तू मान वर न करता विचारलंस, "चिडवनाऱ्यांचं ऱ्हाऊं दे. तुझे बाजूला कोन बसतं त्ये सांग."

"कोनी न्हाय."

"मंग उद्यापासून दोन भाकऱ्या ने. बसंल त्याला एक."

मला तुझा राग आला होता. वाटलं, तू घाबरलीस.

या सोमवारी मी स्वतः बटाटेवडे तळून तिचा डबा भरला. तिने झाकण उघडलं. "एवढं कोण खाणार?"

"बाजूला बसेल तो."

"पप्पा, कोणी बसत नाय."

"म्हणून तर."

"तुमच्या वेळी चालत असेल हे," म्हणाली. पण डबा नेला. संध्याकाळी तो रिकामा परत आला. काल रिकामा, आजही रिकामा. धुवायला मीच घेतला, तळाला चुरासुद्धा नव्हता.

आनंद व्हायला हवा. तुला व्हायचा. माझं रिकामं फडकं झटकून तू चुलीपुढे हसायचीस, "बसलं ना कोन तरी?" आणि मी हो म्हणायचो. आये, कोणी बसत नव्हतं. शाळेमागच्या बांधावर बसून दोन्ही भाकऱ्या मीच खायचो, तू हसावंस म्हणून. पुढे एक जण येऊन बसला, पण ते बऱ्याच दिवसांनी. तोवर संध्याकाळी मला भूक नसायची. तू काही न विचारता माझं ताट झाकून ठेवायचीस आणि सकाळी पुन्हा दोनच भाकऱ्या बांधायचीस. तुला कळत होतं का?

आत बायको ताटं घेतेय. पोरीला हाक मारायचं काम माझ्याकडे आहे, आणि मी इथे तुला लिहीत बसलोय. हाक मारल्यावर ती भूक नाय म्हणाली तर काय करायचं, ते मला माहीत नाही.