जयंतीचं जेवण आणि झोपाळू ॲप

८ मार्च, रविवार. सकाळी ९
संकल्प. गेल्या वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्या इथे कॅनडात, एडमंटनच्या मंडळात चौदा ताटं कमी पडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कमलाबाई ताकभातावर उठल्या. आकडा सेक्रेटरी कपिलने बोटांवर मोजला होता. यंदा नावनोंदणीचं ॲप मी करणार. एकही माणूस उपाशी राहणार नाही, असं मीटिंगमधे उभं राहून सांगितलं. टाळ्या बऱ्या पडल्या.
बेसमेंटमधे तीन जुने लॅपटॉप जोडून क्लस्टर. त्यावर सर्व्हरलेस. म्हणजे कोणी आलं की ॲप उठणार, नाव लिहून घेणार, पुन्हा झोपणार. एरवी शून्य. संस्कृतात एम.ए. केलेल्या बौद्ध माणसाला याहून शोभेसं तंत्रज्ञान नाही. दोन दिवसांचं काम.
रुचा म्हणाली, डॅड, इट्स जस्ट अ फॉर्म. लेकीला क्लस्टरचं चित्र काढून दाखवलं.

१५ मार्च
ॲप ज्या डब्यात चालतं तो कंटेनर उठतो, पडतो, उठतो, पडतो. दोष माझा नाही. बायकोने, म्हणजे दीप्तीने, वॉशर लावला की शेजारचा लॅपटॉप बंद पडतो. तिला म्हटलं, कपडे शनिवारीच धू. ती म्हणाली, तूच धू.
धुतले.

२२ मार्च
चाललं! झोपेतून उठायला ॲपला चाळीस सेकंद लागतात. घाई कुणाला आहे? लिंक ग्रुपवर टाकली. पहिलं नाव माझंच नोंदवलं. बायको-मुलीने आपापलं नोंदवावं. शिस्त म्हणजे शिस्त.

२९ मार्च
मंडळातल्या वीणाताईंचा फोन. स्क्रीन नुसता पांढरा दिसतो म्हणे. म्हटलं, जरा थांबा. म्हणाल्या, थांबले की, बटाटे उकडून झाले.
मग कपिल. वाल्मिकदादा, ॲपची एक कॉपी कायम जागी नाही का ठेवता येत? येते. एक ओळ बदलायची. पण मग ते सर्व्हरलेस कसलं? स्वच्छ नाही म्हटलं. तत्त्वं पाळून माणूस फार थकतो.

४ एप्रिल
पुन्हा बर्फ. फावडं घेऊन शोव्हल केलं. कंबर गेली. ॲपच्या नोंदी, म्हणजे लॉग, पाहिले. लोक येतात आणि बाराव्या सेकंदाला निघून जातात. वीस-वीस वर्षं इथला विंटर काढलेल्यांना चाळीस सेकंद निघत नाहीत.
कमलाबाई म्हणे फोनवरून नावं घेऊन वहीत लिहिताहेत. असू दे. बॅकअप लागतोच.

११ एप्रिल
हॉलच्या किचनला आकडा कळवायचा शेवटचा दिवस. ॲप उत्तम. एकही एरर नाही, लोडही पेलतंय. नोंदणी: एक.
कमलाबाईंची वही: एकशे त्रेचाळीस. कपिलने तेवढीच ताटं सांगितली. दोन याद्या एकत्र करण्याची सोय पुढच्या वर्षी करतो.

१८ एप्रिल, शनिवार. घरी, संध्याकाळी
कार्यक्रम छान. दारात कमलाबाई वहीत खूण करून जेवणाची चिठ्ठी देत होत्या. दीप्ती आणि रुचाची नावं निघाली. लिंक टाकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दिलेली. माझं निघेना.
म्हटलं, कमलाबाई, मी ॲपमधे आहे.
म्हणाल्या, मग ते उठेपर्यंत बस तिथे खुर्चीवर, बाळा.
बसलो. सगळे जेवले. शेवटी त्यांनीच मला आपल्या शेजारी बोलावलं आणि त्यांचं ताट मधे सरकवलं. पुऱ्या आणि श्रीखंड त्यांनी घेतलं. ताकभात माझ्याकडे आला.
निघताना पुढच्या वर्षासाठी वहीत नाव दिलं. चार सेकंद लागले.